मेणातला डावा हात

आम्ही लिंगायत तेली. आज्यानं घाण्यावर बैल फिरवला, बाबांनीही अर्धं आयुष्य तेच केलं, आणि मी मेहसाण्याकडं जमिनीतलं तेल काढणाऱ्या रिगवर लागलो, तेव्हा धर्मापुरीच्या पारावर लोकांना भलताच आनंद झाला. "तेल्याचं पोरगं शेवटी तेलातच पडलं," असं जो तो सांगत सुटला. रिग म्हणजे काय हे मी हातवारे करून करून समजावलं, पण शेजारची भिवराबाई अजून विचारते, "केदारनाथ, तिकडं करडईचं काढतावं का शेंगदाण्याचं?" मी आताशा शेंगदाण्याचं म्हणून मोकळा होतो. वाद कोण घालत बसणार!

आमचा घाणा बंद पडून तीनचार वर्षं झाली होती. दुकानादुकानात पामतेलाच्या पिशव्या लोंबायला लागल्या आणि घाण्याचं तेल लोकांना महाग वाटायला लागलं. बाबांनी बैल विकला, घाण्याची लाकडी लाट अंगणात आडवी टाकली आणि शेतात मन रमवलं. माझं दोन आठवडे रिगवर, दोन आठवडे घरी असं चालायचं. तिथं मी टॉपमन, म्हणजे शंभर फुटांवरच्या फळीवर उभं राहून पाइप धरणारा माणूस. असल्या कामात माणूस भाबडा राहत नाही. जे ओढता येतं आणि ज्याचा भार काट्यावर दिसतो तेवढंच मी खरं मानत होतो.

किल्लारीचा भूकंप होऊन गेला होता त्या हिवाळ्यातली ही गोष्ट. आमच्याकडं भिंतींना तडे जाण्यावर निभावलं, पण बोअरांचं पाणी जागेवर राहिलं नाही. कुणाचं वाढलं, कुणाचं पार गेलं. आमची मोटार कोरडी फिरून जळाली. मोटारी ओढणारा माझा दोस्त तानाजी कदम, त्यानं ती वर काढून दुरुस्तीला नेली आणि बोअरच्या तोंडावर पोतं टाकून त्यावर धोंडा ठेवला.

मी रजेवर आलो तेव्हा बाबा ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते. ओठ फुटलेले, डोळे आत गेलेले. मला बघून नेहमीसारखं "आलास का रं केद्या" म्हणाले, पण आवाज पार खाली गेलेला. त्यांच्या गळ्यात इष्टलिंगाचा शिवदोरा नव्हता. जन्मात पहिल्यांदा मी बाबांचा गळा मोकळा बघत होतो, आणि खरं सांगतो, एखाद्या मोठ्या माणसाला उघडं बघावं तशी लाज वाटली.

"काय झालं गं?" मी आईला विचारलं.

"काय व्हायचंय? सवय न्हाई का त्यांची, बोअरला कान लावून पाणी ऐकायची! गेलते परवा सकाळी. पोतं सारून वाकले, तर शिवदोरा तुटला. डबीसकट लिंग खाली." आईनं डोळ्याला पदर लावला. "तवापासून पाण्याचा थेंब न्हाई पोटात."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्यात इष्टलिंग गळ्यात बांधलं की ते मरेपर्यंत उतरत नाही. रोज डाव्या तळहातावर घेऊन त्याची पूजा करायची, मगच तोंडात पाणी. माणूस गेला तर त्याला जाळत नाहीत, बसवून पुरतात, आणि त्याचं लिंग त्याच्या डाव्या तळहातावरच ठेवतात. लिंग हरवलं तर अन्नपाणी बंद. आता हे सगळं कोण एवढं पाळतं? मी रिगवर कँटीनचा चहा पूजेआधी पितो. पण बाबा पाळत होते.

मठाच्या स्वामींना मी स्वतः जाऊन बोलावून आणलं. ते समजुतीनं म्हणाले, "बसप्पा, गेलं तर नवं धारण करता येतं. सोय हाय तशी."

बाबा म्हणाले, "नवरा दिसंनासा झाला म्हणून दुसऱ्या दिवशी पाट लावतात का, स्वामी? आधी हुडकतात."

 मला संताप आला. म्हटलं, "बाबा, मराल अशानं!" तर माझ्याकडं बघून हसले. "तू कशाला हायेस मंग? तिकडं पाताळात पडलेलं हुडकतोस म्हणं."

हे मात्र खरं होतं. तेलाच्या विहिरीत काही तुटून पडलं, तर त्याला आमच्यात मासा म्हणतात आणि ते काढायच्या कामाला मासेमारी. आमच्या घरात या शब्दांची सोय नाही, म्हणून आईसमोर मी नुसतं 'वस्तू' म्हणालो. या कामाची एक रीत असते. खाली काय आहे ते दिसत नाही, म्हणून आधी शिशाचा मऊ ठोकळा सोडायचा. तो वस्तूवर टेकला की तिचा ठसा घेऊन वर येतो. ठसा वाचायचा आणि मग कुठलं हत्यार लावायचं ते ठरवायचं.

शिसं कुठून आणणार? दुकानातून मेणबत्त्या आणल्या, थोडी राळ घालून वितळवल्या आणि बोअरमध्ये उतरेल अशा जाड पाइपच्या तुकड्याच्या बुडाशी ओतल्या. तानाजी त्याची लोखंडी तिपाई आणि दोरखंड घेऊन आला. बाबांना बाजेवर घालून शेतात नेलं. लिंबाखाली सावलीत बाज ठेवली, उशाला आई आणि स्वामी बसले. चौफेर करडई फुलली होती. दुपारच्या वाऱ्यात तिची काटेरी पानं एकमेकांवर घासल्याचा आवाज येत होता.

मी आधी बोअरमध्ये एक खडा टाकला. कान देऊन उभा राहिलो. काहीच ऐकू आलं नाही.

"गाळ असंल मऊ," तानाजी म्हणाला आणि त्यानं मुठीएवढा धोंडा सोडला. त्याचाही आवाज नाही. बाजूला, केसिंगच्या पाइपला थडकल्याचासुद्धा नाही. वारा पडला होता आणि आम्ही दोघं मूर्खासारखे त्या भोकाकडं बघत होतो.

बाजेवरून बाबांचा आवाज आला. "खडं नका टाकू रं. लागंल."

लिंगाला लागेल म्हणत असतील, असं मी धरून चाललो.

ठोकळा सोडला. दोरी हातातून सरसर गेली आणि बोअर जितका खोल होता तिथं येऊन थांबली. गाळात रुतला तर दोरी सैल पडत जाते, खडकावर बसला तर हाताला धक्का कळतो. यातलं काहीच झालं नाही. एखाद्यानं खालून अलगद झेलावं तसा तो टेकला.

वर आला तेव्हा मेणाच्या कडेला चार खळगे होते. ओळीनं, शेजारी शेजारी.

"मुळ्या," मी म्हणालो. "लिंबाच्या मुळ्या लांब जातात."

"दोनशे फूट?" तानाजी म्हणाला. "येडा हायेस का बे?"

माझं लक्ष दुसरीकडं होतं. ठोकळा कोमट होता. खोल गेलं की जमीन तापत जाते हे मला तानाजीनं शिकवायची गरज नाही, पण त्यासाठी मैलभर तरी खाली जावं लागतं. दोनशे फुटांवर उन्हाळ्यातसुद्धा गारवाच लागतो.

मेण पुन्हा सपाट केलं. या वेळी दोरी बरोबर मधोमध धरून, जपून सोडली. तसंच अलगद टेकणं. थोडा वेळ भार दिला आणि ओढून घेतलं.

ठोकळा उलटा केला आणि तानाजी चार पावलं मागं सरला.

ठसा उलटा उमटतो. जे वर उचललेलं असतं त्याचा खळगा होतो आणि जिथं भेग असते तिथं उंचवटा येतो. मेणात पाच लांब खळगे होते, त्यातला एक जाड आणि बाजूला झुकलेला. त्यांच्या बुडाशी रुंद पसरट भाग, आणि त्यावर बारीक उंचवट्याच्या रेषा. एक अंगठ्याला वळसा घालून गेलेली, दोन आडव्या. मधोमध सुपारीपेक्षा जरा मोठा असा एकच गोल खड्डा.

मेणात तो उजव्या हातासारखा दिसत होता. म्हणजे खाली डावा होता.

"केदार," तानाजी हळूच म्हणाला, "हे बुजवून टाकू. आत्ताच्या आत्ता."

"साडेसहा इंचाचं भोक आहे बे! हात मावेल, माणूस कुठं मावतो त्यात?" मी ओरडलो. कशाला ओरडलो, देव जाणे. "दगडाला काय वाटेल तो आकार असतो. डोंगरात गणपती दिसतो लोकांना."

मी घाबरलो होतो. हे सांगायला मला आता लाज वाटत नाही. पण तिकडं बाजेवर बाबांचा श्वास वाजायला लागला होता, आई त्यांच्या ओठांना ओला बोळा लावायला जात होती आणि ते तोंड फिरवत होते. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. त्या ठशात काहीही असो, गोल खड्डा लिंगाचा होता आणि मला तेवढंच हवं होतं.

तिसऱ्या वेळी मेण शेगडीवर मऊ केलं. मऊ मेणाला हलकी वस्तू चिकटून येते. ठोकळा सोडला, टेकवला, दाबला. मेण गार होईपर्यंत दोरी धरून उभा राहिलो. मग ओढली.

ती आली नाही.

तानाजी तसा भित्रा नव्हे, तोही हात लावायला आला. आम्ही दोघांनी पाय रोवले. रिगवर अडकलेला पाइप ओढताना भार वाढत जातो आणि एकदम सुटतो, माणूस मागं पडतो. हे तसं सुटलं नाही. हळूहळू सुटलं. एक बोट उचलावं, मग दुसरं उचलावं, तसं.

ठोकळा वर आला. मेणात लिंग होतं.

आई धावत आली. मी ते नखानं सोडवलं, पुसलं. काळंभोर, तुकतुकीत. आईनं हातात घेतलं आणि तिचा चेहरा जरा बदलला.

"डबी कुठं हाय रं? चांदीची होती."

"उघडली असेल पडताना. राहिली खाली."

"ह्यांचंच हाय ना?"

"मग कुणाचं असणार आई? खाली काय बाजार भरलाय?"

स्वामी तिथंच होते. त्यांनी मंत्र म्हणून नव्या शिवदोऱ्यात लिंग बांधलं आणि ते बाबांच्या गळ्यात घातलं. बाबांचे डोळे मिटलेले होते. स्वामींनी त्यांच्या डाव्या हातावर लिंग ठेवलं, विभूती लावली, वर बेलाचं पान वाहिलं. मग आईनं पाण्याचा तांब्या त्यांच्या ओठाला लावला.

बाबा पाणी प्याले. घटाघटा, हनुवटीवरून सांडत. मी लिंबाला टेकून लहान पोरासारखा रडलो. तानाजी म्हणाला, "रड बे, रड. जितला तुझा बाप."

दोन दिवसांत बाबा उठून बसले. खाणंही वाढलं. पण ते माझ्याशी बोलेनात. मी समोर गेलो की मान हलवून हसायचे, पाहुण्यासमोर हसतात तसं. तिसऱ्या दिवशी मी चहा नेऊन दिला, तर दोन्ही हातांनी कप घेत म्हणाले, "लई केलंत पावणं तुमी आमच्यासाठी."

मी हसलो. थट्टा करतायत असं वाटलं. संध्याकाळी ते अंगणात येऊन गोठ्याकडं बघत उभे राहिले आणि आईला म्हणाले, "बाई, ढवळ्याला पाणी दावलं का?"

आमच्याकडं ढवळ्या नावाचा बैल कधीच नव्हता.

अंबाजोगाईला डॉक्टरांकडं नेलं. ते म्हणाले, उपासानं अंगातलं मीठ कमी होतं, म्हाताऱ्या माणसाला भ्रम होतो, आठवडाभरात ठीक होईल. मला ते पटलं. पटवून घेतलं म्हणा. बाकी सगळं तर बाबांचंच होतं, चेहरा, टक्कल, खोकला. जीपमधून परत येताना ते खिडकीतून बाहेर बघत होते आणि हळू आवाजात काहीतरी म्हणत होते. आमच्या संतांचं वचन असावं. बाबांना येणारी सगळी वचनं मला लहानपणापासून ऐकून पाठ आहेत. हे मी कधी ऐकलेलं नव्हतं.

आई त्यांच्यापुढं बसेनाशी झाली. भाकरी थापायची, ताट वाढायची, त्यांच्यासमोर ठेवून स्वयंपाकघरात निघून जायची. पूर्वी ते जेवताना ती समोर बसून गावभरच्या गोष्टी सांगायची, बाबा "बास की आता, घास उतरू दे" म्हणायचे. आता ते मुकाट्यानं जेवायचे. आणि रोज दुपारी आई एक ताट झाकून शेतात घेऊन जायची. मला म्हणाली, पाखरांना.

एकदा मी मागोमाग गेलो. ती बोअरजवळ बसली होती. ताट शेजारी, झाकलेलंच. खाली मान घालून ती भिवराबाईच्या सुनेचं काहीतरी सांगत होती, मधेच हसत होती. मला बघून उठली आणि ताट उचलून चालू लागली. ताटातलं काही हललेलं नव्हतं.

"आई, हे काय चाललंय?"

"लिंगाशिवाय ते खायचे न्हाईत," ती म्हणाली. "पण सांगितल्याशिवाय ऱ्हावत न्हाई."

मी तानाजीला न बोलावता ठोकळा काढला. मेण वितळवलं. ऊन डोक्यावर होतं, करडईची फुलं डोळ्यांत घुसत होती. मी एकटाच दोरी सोडत राहिलो.

टेकला. अलगद.

ओढला, तसा सहज वर आला.

या वेळी ठसा पुरा होता, मनगटापर्यंत. तळव्याच्या मधोमध खड्डा नव्हता. हात रिकामा होता. बोटं जरा आत वळलेली होती, काही मागताना वळतात तशी.

तर्जनीच्या बुडाशी एक गोल, जाड खळगा होता. घट्ट्याचा. तीस वर्षं बैलाचा कासरा त्याच जागी धरल्यावर पडतो तसा. या घट्ट्यासकट मी लहानपणी पाठीवर धपाटे खाल्लेत, तापात कपाळावर हात ठेवून घेतलाय. माझ्या बापाचा हात मला वाचता येत नसेल, तर मी कसली मासेमारी करतो?

मी भोकावर वाकलो आणि हाक मारली. "बाबा!"

आवाज खाली गेला. परत आला नाही.

पळतच घरी गेलो. आई चुलीपाशी होती. मी तिला सांगितलं. ती भाकरी उलटत राहिली.

"मला कवाच कळलंय," ती म्हणाली. "त्या दिवशी पाणी प्याले ना, तवाच. तुझे बाबा पाणी पिताना आवाज करत न्हाईत."

"मग गप का बसलीस? ते दुसऱ्याचं लिंग काढू त्याच्या गळ्यातून. खाली सोडू. बाबांचं वर येईल."

"आन ते?" तिनं ओसरीकडं मान केली. "जितं माणूस हाय ते केदारनाथ. गळ्यातलं काढलं की ते बी उपाशी बसंल. आपल्या दारात. बघवंल का तुला?"

"बाबांचं बघवतं का?"

तिनं भाकरी निखाऱ्यावर उभी केली. फुगलेल्या भाकरीवरची राख झटकली, ताटात घातली, शेजारी दुधाची वाटी ठेवली आणि ताट माझ्या हातात दिलं. मला वाटतं, तिला म्हणायचं होतं की तुझं तू ठरव.

मी ओसरीवर गेलो. ते मांडी घालून बसले होते. नुकतीच पूजा झालेली, कपाळावर विभूतीचे ओले पट्टे. अंगात बाबांचीच बंडी. शिवदोरा बंडीच्या गळ्यातून बाहेर आला होता. हात लांबवला असता तर पोचला असता. दोरा कच्चा होता, एका हिसक्यात तुटला असता.

मी ताट ठेवलं आणि समोर बसलो. हात मांडीवर होता. तो उचलायचा, एवढंच.

त्यांनी ताटाला नमस्कार केला. मग माझ्याकडं बघितलं. बाबांच्याच डोळ्यांनी, पण अगदी परक्या, भल्या माणसाच्या आदरानं.

"पावणं," त्यांनी विचारलं, "वडील जेवले का हो तुमचे?"

आणि उत्तराची वाट न बघता त्यांनी भाकरी दुधात कुस्करायला घेतली.